अकरा पुस्तकांतले खाकी धागे

आमच्या गावच्या वाचनालयातल्या अकरा पुस्तकांमधून मी धागे काढून घेतले. शिवणकामाचे साधे खाकी धागे, बोटभर लांबीचे, पानांमध्ये खुणेला ठेवलेले. कुणी तक्रारही करणार नाही इतकी किरकोळ चोरी. पण ते धागे कुणाचे आहेत आणि कशासाठी ठेवलेत, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच काढले. ही गोष्ट मी बायकोलाही पूर्ण सांगितलेली नाही.

नव्याण्णव साली भंडाऱ्यातून आमचा गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि त्याच वर्षी संधिवाताने माझी बोटं धरली. मी पस्तिशीतला, सरकारी ऑफिसातला बाबू. सकाळी दोन-दोन तास मूठ वळायची नाही. आठवड्यातून एकदा एक पिवळी गोळी घ्यायची आणि तिचा दुसरा दिवस मळमळीत जायचा. डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं, हे आता आयुष्यभराचं.

वाचनाची आवड मला लहानपणापासून. पण आजाऱ्याला पुस्तक मिळणं किती कठीण असतं ते तेव्हा कळलं. जाड पुस्तक हातात धरवत नाही. मी ते पाच किलो तांदळाच्या पिशवीला टेकवून वाचायचो. अक्षर बारीक असलं की मळमळ वाढायची. दहा पानं वाचून झोप लागली की पुढच्या वेळी मागचं काही आठवायचं नाही. भेटायला येणारे पुस्तकं आणायचे, पण सगळी एकाच जातीची. घरगुती उपाय, योगासनं, मनाच्या ताकदीने रोग पळवा. संधिवातावरच्या एका पुस्तकाच्या तर तीन प्रती जमल्या होत्या. आजाराशिवाय दुसरं काहीतरी वाचायला मिळावं, एवढीच माझी इच्छा होती.

आमचं घर नवेगाव बांधला. ग्रामपंचायतीमागच्या खोलीत वाचनालय होतं, संध्याकाळी दोन तास उघडायचं. माझ्याने चालवत नसे तेव्हा बायको पुस्तक घेऊन येई. ग्रंथपाल देतील ते. आणि ग्रंथपाल देत ती पुस्तकं नेमकी मला झेपणारी निघत. एका प्रवासवर्णनात मला पहिला धागा सापडला. बर्फातल्या रस्त्यावर एक बाई रोज सकाळी आपलं दुकान कसं उघडते, एवढंच त्या पानात होतं. पानाच्या सुरुवातीला गोष्ट सुरू होत होती, पानाच्या शेवटी संपत होती. त्या दिवशी मला ताप होता. तेवढंच वाचलं आणि दिवस निघून गेला.

मग प्रत्येक पुस्तकात मी आधी धागा शोधू लागलो. कधी मासे वाळवणारी म्हातारी, कधी विहीर खणणारे दोघे भाऊ. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "तुमच्यासारखंच कोनी दुखनाईत दिसते जी. नाही त एवढुसं पान कायले निवडलं असतं?"

माझ्या मनात त्या माणसाचं चित्र तयार झालं होतं. निवृत्त प्राध्यापक असावा किंवा एखादी शिक्षिका. भेटलो तर खूप बोलू, असं वाटायचं.

सहा-सात वर्षं अशी गेली. शर्टाची बटणं लावणं बंद झालं तेव्हा मी लाजत चौकातल्या टेलर मास्टरकडे गेलो. माझ्यापेक्षा तो आठ-दहा वर्षांनी लहान. कमरेचं हाड झिजलेलं, त्यामुळे मशीनला मोटर बसवून घेतलेली.

"या जी बाबूजी. बटनं काढून सँडलले असते तशी चिकटपट्टी लावाची ना? लावून देतो. वरून बटनं तशीच ठेवतो, कोनाले समजनार नाही."

मशीनच्या फळीवर वाचनालयाचं पुस्तक उघडं होतं, त्यावर कात्री दाबून ठेवलेली. शाळेच्या चड्ड्यांचे गठ्ठे बाजूला पडले होते. बोलता बोलता त्याने रिळाचा खाकी धागा दाताने तोडला, पुस्तकात ठेवला आणि पुस्तक मिटलं.

"हे तुम्ही ठेवता?" मी विचारलं.

"हो जी. मले सिकलसेल हाये ना, रक्तातलं दुखनं, जन्मापासून. दुखनं उठलं का अख्खं पुस्तक कोन वाचते? एक पान पुरते. बायको वाचून देते. धागा असला का तिले शोधा नाही लागत."

यावर मी काय विचारावं? मी विचारलं, "शिक्षण किती झालं तुमचं?"

"आठवी. नववीचं अर्धं साल दवाखान्यातच गेलं."

मला आनंद व्हायला हवा होता. सात वर्षं ज्याला भेटायचं होतं तो समोर बसून माझ्या शर्टाचं माप घेत होता. पण मला आतून काहीतरी टोचलं. मी बी. ए. झालेला, घरात कपाटभर पुस्तकं असलेला, आणि मला वाचायला काय द्यावं हे आठवी शिकलेल्या शिंप्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्याच संध्याकाळी ग्रंथपालांनी उरलंसुरलंही सांगून टाकलं. "अजी, तुमाले जे पुस्तकं देत होतो, ते मास्टरलेच विचारून. नव्या पुस्तकांची यादीही तेच सांगते. मानूस लई पक्का हाये."

घरी सांगितलं तर बायको खूश. "पाहा, मी म्हनलं नव्हतं? आता कधी जेवाले बोलवा त्यायले."

मी बोलावलं नाही. दुकानावरून जाताना मी त्याचं मशीन ऐकायचो आणि मनात हिशेब सुरू व्हायचा. त्याचं दुखणं जन्माचं, माझं सात वर्षांचं. त्याला रक्त चढवावं लागतं, मला फक्त गोळ्या. म्हणजे दुखण्यातही तो पुढेच. लिहिताना लाज वाटते, पण मला त्याच्या आजाराचाही हेवा वाटत होता. एवढं सोसून तो हसत होता, आणि मी बायकोवर खेकसत होतो. बायको कधी विचारी, "कायचा राग येऊन राहिला तुमाले?" मी म्हणायचो, गोळीमुळे.

एका शनिवारी ग्रंथपाल चहाला गेले आणि मी वाचनालयात एकटा होतो. पहिलं पुस्तक मी सवयीने उघडलं. धागा दिसला. तो उचलला. मग दुसरं पुस्तक, मग तिसरं. माझ्या ज्या बोटांनी शर्टाचं बटण लागत नव्हतं, त्या बोटांनी त्या दिवशी अकरा धागे उचलले. चिमटीत येत नव्हता तो ओल्या बोटाने चिकटवून घेतला. खिशात घातले आणि घरी जाऊन गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवले. फेकून का दिले नाहीत, ते मला आजही सांगता येत नाही.

थंडी पडली आणि मास्टरचं दुखणं उठलं. दुकान बंद झालं. तीन-चार दिवसांनी मी वाचनालयात पेपर वाचत बसलो होतो, तेव्हा त्याची बायको आली. हातात दोन पुस्तकं.

"भाऊजी, याच्यात धागा नाही," ती ग्रंथपालांना म्हणाली. "काल नेलं त्याच्यातही नव्हता. ते म्हनते, धागा हाये तेवढंच पान वाच. मी पानं पलटून पलटून थकली. कोनतंही वाचाले घेतलं त म्हनते हे नाही, हे नाही. कन्हत कन्हत शोधाले सांगून राहिले."

"पोट्ट्यांनी काढले असतील," ग्रंथपाल म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर खाली न करता म्हणालो, "झाडताना पडले असतील."

ती तिसरं पुस्तक घेऊन गेली. त्यातही धागा नव्हता, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला गोंदियाला दवाखान्यात नेलं. तीन आठवडे तो तिथे होता. तेवढे दिवस मला एकही पुस्तक वाचवलं नाही. उघडलं की मास्टरची बायको पानं पलटताना दिसायची. मी ती अकरा पुस्तकं घरी आणवली आणि डबी घेऊन बसलो. वाचलेली पानं आठवतील असं वाटलं होतं. सात सापडली. बर्फातलं दुकान सापडलं, मासेवाली म्हातारी सापडली. उरलेल्या चार पुस्तकांत मी दोन दिवस शोधलं, पण कुठल्या पानाने त्याचं दुखणं जरा हलकं झालं असेल, ते मला ओळखता येईना. चार धागे डबीत राहिले.

दुकान उघडल्याचं कळलं त्या दिवशी मी ती चार पुस्तकं पिशवीत घातली. पिशवी बोटांनी धरवत नव्हती म्हणून कोपराला अडकवली. मास्टर आणखी वाळला होता, डोळे पिवळे दिसत होते. मला पाहून हसला.

"या जी बाबूजी. चिकटपट्टी निघाली का?"

मी पुस्तकं फळीवर ठेवली, त्यांच्यावर डबी ठेवली आणि झाकण उघडलं. त्याने आत पाहिलं. मोटर बंद केली.

"पुस्तकांतले धागे मीच काढले होते, मास्टर," मी म्हणालो. "सात परत ठेवले. या चारची पानं मला सापडत नाहीत."

त्याने डबीतला एक धागा चिमटीत धरून पाहिला. मग विचारलं, "कायले जी?"

रस्ताभर मी एक उत्तर जुळवत आलो होतो. गोळ्यांमुळे डोकं जाग्यावर नव्हतं, असं काहीतरी. ते तोंडात आलंही होतं.

"तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं वाचता येतं, ते मला सहन झालं नाही," मी म्हणालो. "तुमची बायको शोधत होती तेव्हा मी तिथेच बसलो होतो आणि खोटं बोललो. तुमच्या दुखण्यात तुम्हाला लागणारं पान मी काढून घेतलं. माझं चुकलं, मास्टर. मला माफ करा."