सिंटरक्लासचं पोतं

मारिट हॉलंडमधल्या ग्रोनिंगनहून कॅनडात विनिपेगला आली ती नवऱ्याच्या, यॉरिसच्या, नोकरीपायी, दोन लेकरं घेऊन. मी त्यांच्या शेजारी राहायचे. बाई कामाला वाघ, पण डिसेंबर जवळ आला की तिचा जीव टांगणीला लागायचा. पाच तारखेला डच मुलांचा सिंटरक्लास येतो. लाल झग्यातला, पांढऱ्या दाढीचा हा संत स्पेनहून जहाजानं येतो, घोड्यावरून घरोघर फिरतो आणि धुराड्यापाशी मांडलेल्या बुटांत खाऊ ठेवतो. इथं कुठलं जहाज? घराला धुराडंही नाही. शाळेतली पोरं सांताच्या गप्पा मारणार, आपली मुलं आपलं सगळं विसरणार, हीच तिला धास्ती.

म्हणून तिनं जमवून घेतलं. संत धान्याच्या मालगाडीतून येऊ लागला. बूट हीटरच्या जाळीपाशी ठेवायचे, त्यात घोड्यासाठी गाजर.

"घोडा बर्फावर घसरणार नाही?" धाकट्या टेउननं विचारलं.

"त्याच्या नालांना खिळे आहेत," मारिट म्हणाली.

एक गोष्ट मात्र तिनं जशीच्या तशी आणली. सात वर्षांच्या फेनानं एकदा टेउनला ढकललं, त्याचा ओठ फुटला. दमलेली मारिट बोलून गेली, "वात्रट मुलांना संत पोत्यात घालून स्पेनला नेतो, ठाऊक आहे ना?" तिच्या आईचंच हे वाक्य. त्या दिवसापासून फेना फार शहाण्यासारखी वागू लागली. मारिटला बरं वाटलं. मला नाही वाटलं.

पाच तारखेला दिवेलागणीला मी त्यांच्याकडेच होते. दारावर धाडधाड थापा पडल्या. डच चर्चमधले खेर्टआजोबा संताच्या वेषात, खांद्यावर पोतं घेऊन उभे. टेउन किंचाळत धावला. फेना नव्हती.

"फेना! ये गं, बघ कोण आलंय!"

माडीवर नाही, तळघरात नाही. मग मारिटची नजर हीटरपाशी गेली. फेनाचे बूट तिथंच होते, गाजरासकट. बाहेर उणे चोवीस.

"अनवाणी गेली माझी पोर," ती म्हणाली. आवाज तिचा वाटेना.

यॉरिस नुसत्या शर्टावर रस्त्याकडे पळाला. मी टॉर्च घेऊन परसात गेले. बर्फावर पाऊल उमटलेलं नव्हतं, पण त्यानं धीर येईना. वारा असा होता की उमटलेलं पाऊलही लगेच बुजलं असतं.

तेवढ्यात खेर्टआजोबांनी गॅरेजमधून हाक मारली. गाडीत मागच्या सीटवर फेना बसली होती. बापाचे बूट घातलेले, पट्टा लावलेला, मांडीवर दप्तर. ओठ निळे पडलेले. मारिट दार ओढू लागली, तर ते आतून बंद.

"फेना, उघड! बाळा, उघड ना!"

फेना तिच्याकडे बघेना. काचेआडून ती संतालाच म्हणाली, "नेणारच असाल तर स्पेनला नको. ग्रोनिंगनला सोडा, आजीकडे. आईला सांगू नका, ती रडते."

मारिट तिथंच फरशीवर बसली.

खेर्टआजोबांनी पोतं उपडं केलं. संत्री, मुलांच्या नावांची चॉकलेटची अक्षरं गाडीखाली घरंगळली. "बघ, यात फक्त खाऊ. मी कुणाला नेत नाही, पोरी. लहानपणी मला इकडच्या बोटीवर चढवलं तेव्हा मीही असाच दप्तर कवटाळून बसलो होतो. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं."

फेनानं त्यांना निरखून पाहिलं. "तुम्ही खेर्टआजोबा आहात."

"हळू बोल. टेउन ऐकेल."

मग तिनं दार उघडलं.

कोमट पाण्यात फेनाची बोटं पुन्हा लाल झाली, तेव्हा कुठं आम्ही श्वास घेतला. मारिट तिला ब्लँकेटमध्ये घट्ट धरून म्हणाली, "मी खोटं बोलले गं. कुणीच कुणाला उचलून नेत नाही."

"पण तुम्ही आम्हाला इथं आणलंत," फेना म्हणाली.

मारिटनं यॉरिसकडे पाहिलं, तर तो पडदा सारखा करत होता.

पुढच्या वर्षी पोतं आलं नाही, भेटवस्तू कपड्यांच्या टोपलीतून आल्या. संतानं यावं कसं, हे मारिटनं फेनालाच विचारलं.

"आधी फोन करावा," फेना म्हणाली, "आणि दार हळू वाजवावं."

तसंच झालं. खेर्टआजोबांनी अगदी हलकेच टकटक केलं. तरी मारिट दचकली आणि तिनं फेनाचा हात धरला.

"आई, दुखतंय," फेना म्हणाली. पण हात तिनंही सोडवून घेतला नाही.