मन्मथअप्पांचा इलाज

मन्मथअप्पांच्या दुकानात कॉम्प्युटर घेऊन गेलं की ते आधी कॉम्प्युटरकडे बघायचेच नाहीत. माणसाला स्टुलावर बसवायचे, पाण्याचा तांब्या पुढे सरकवायचे आणि आपली वही उघडून म्हणायचे, "हं, सांगा. पहिल्यापासून सांगा." पहिल्यापासून म्हणजे खरोखर पहिल्यापासून. शेवटचा नीट कधी चालला, त्यानंतर जागा हलवली का, घरात कोण आलं-गेलं, लाईट किती वेळा गेली. घाईतलं गिऱ्हाईक चुळबुळ करायचं. अप्पांना त्याची फिकीर नसे. "मशीन निस्तं दुखतंय म्हणतंय, बाई. कशानं दुखतंय ते माणूसच सांगतंय," असं ते मला म्हणायचे.

दुकान लातूरला, गंजगोलाईच्या मागच्या एका बोळात. अप्पा मूळचे उदगीरचे. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा सदरा, खिशात पेनाऐवजी धूळ झटकायचा बारीक ब्रश. बोलणं आपलंच मराठी, पण कॉम्प्युटरचं झाकण उघडताना ते हळूच कानडीत विचारायचे, "एनप्पा?" म्हणजे काय झालं रे बाबा? नवीन मशीन त्यांच्याकडे फारशी येत नसत. शहरात कुणाला नको झालेलं, पंचवीस वर्षांचं, कुरकुरणारं असं सगळं त्यांच्या दारात यायचं, आणि तिथून बहुतेक वेळा चालत घरी जायचं.

एकदा माझ्यासमोर एक अडत दुकानदार आला. मॉनिटरच्या कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग पडला होता आणि तो नवीन मॉनिटर घ्यायच्या बेतात होता. अप्पांनी नेहमीप्रमाणे चौकशी लावली. "टेबलावर नवीन पाहुणा कोण आलाय?" दुकानदार म्हणाला, "कोण न्हाई. महाशिवरात्रीच्या भजनाचा स्पीकर तेवढा ठिवलाय बाजूला." अप्पा हसले. "त्या स्पीकरच्या पोटात लोहचुंबक असतंय, सावकार. तेला उचला अन् हातभर लांब ठिवा. डाग जाईना तर मला बोलवा." डाग गेला असावा, कारण बोलावणं काही आलं नाही.

मी मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. आमच्या शाळेतल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर मी आठ वर्षं खपून खुणांचं पुस्तक केलं होतं. आमची मुलं हातांनी जी खूण करतात तिचं रंगीत चित्र आणि खाली मराठी शब्द. आई, भाकर, एसटी, सोयाबीन, भीती. बाहेरगावची पुस्तकं आमच्या मुलांच्या कामाची नव्हती, कारण गावाकडून येताना प्रत्येक मूल आपल्या घरच्या खुणा घेऊन येतं. ज्या प्रोग्रॅममध्ये हे केलं, तो फक्त त्याच कॉम्प्युटरवर चालायचा. दुसरीकडे फाईल उघडली की मराठीच्या जागी किड्यामुंग्या दिसायच्या. हा कॉम्प्युटर शाळेत आला त्या दिवसापासून त्याचा इलाज अप्पांकडेच होता.

अप्पांना या पुस्तकाचं फार कौतुक. ड्रायव्हर म्हणजे काय, हे त्यांनी मला त्यावरूनच समजावलं होतं. "पडद्यावर चित्र काढणारं हे ग्राफिक कार्ड. ह्याची बोली यगळी, कॉम्प्युटरची यगळी. मधी दुभाषा लागतोय, तो ड्रायव्हर. तुमी न्हाई का लेकरायचं म्हणणं आमाला सांगता, तसं." माझ्या नोकरीची एवढी सोपी व्याख्या आमच्या कुठल्याही साहेबाने केली नव्हती.

मग ती खंडेनवमी आली. शेतकरी त्या दिवशी विळे-कुऱ्हाडी धुऊन पुजतो. आमच्या शाळेत शिवणयंत्रं, कान तपासायचं यंत्र आणि कॉम्प्युटर. वर्षभर धूळ खाल्लेल्या यंत्राला तसंच कुंकू कसं लावायचं? मी झाकण उघडलं, आतली कार्डं एकेक करून उपसली, फडक्याने लख्ख पुसली आणि परत बसवली. खाचा सगळ्या सारख्याच दिसत होत्या. जे जिथे बसेल तिथे दाबलं, हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले.

दसऱ्यानंतर चालू केला, तर पडद्यावर नवीन वस्तू सापडल्याची पाटी. ती काहीबाही विचारत गेली आणि मी प्रत्येक वेळी 'हो' म्हणत गेले. शेवटी अक्षरं ओबडधोबड, सगळं मिळून रंग सोळा, आणि पुस्तक उघडायला गेलं की 'एवढ्या कमी रंगांत उघडता येत नाही' म्हणून सरळ नकार. रिक्षात घालून कॉम्प्युटर अप्पांकडे नेला.

स्टूल, पाणी, वही. "आतून कुणाचा हात लागलाय का, बाई?"

"नाही हो अप्पा. आपोआपच झालं."

का खोटं बोलले? महिनाभरापूर्वीच मी स्वतःच्या अक्षरात 'कॉम्प्युटर कुणीही उघडू नये' अशी पाटी भिंतीवर लावली होती आणि त्यावरून दोन नव्या शिक्षिकांना फैलावर घेतलं होतं. एवढंच. इतक्या क्षुल्लक लाजेसाठी माणूस तोंडावर खोटं बोलतो.

अप्पांनी झाकण काढलं, बराच वेळ आत पाहत राहिले, एकदा ग्राफिक कार्डावर बोट ठेवलं, आणि झाकण परत लावलं. "मग ड्रायव्हरच बिघडलाय. करू दुरुस्त."

ते दुरुस्त काही होईना. ड्रायव्हर टाकला की रंग यायचे, बंद करून चालू केलं की पुन्हा सोळावर. दुसऱ्या दिवशी दुसरी सीडी. पुस्तकाला धक्का नको म्हणून सगळं पुसून नव्याने टाकायला ते तयार नव्हते. तिसऱ्या दिवशी ते एसटीने नांदेडला गेले. तिथल्या एका ओळखीच्याकडे जुन्या सीड्यांचं खोकं होतं. संध्याकाळी हातरुमालात गुंडाळून एक सीडी घेऊन आले. चौथ्या दिवशी तीही चालेना.

शाळा सुटल्यावर मी गेले तेव्हा दुकानात दिवा लागला नव्हता. अप्पा स्टुलावर, गिऱ्हाइकाच्या जागी बसले होते. वही मिटलेली.

"बाई, ह्याला दुसऱ्याकडं न्या," ते म्हणाले. "माझ्याच्यानं होईना झालंय. केलेलं ध्यानात ऱ्हाईना. दिवाळीला दुकान बंद करतो म्हणून घरी सांगितलंय."

"एका कॉम्प्युटरसाठी?"

"ह्या एकासाठी न्हाई ओ. ध्यान गेलेल्या माणसानं लोकायच्या मशिनीत हात घालू नये."

मी घरी आले. पुस्तक गेलं असतं तरी पुन्हा काढता आलं असतं, आणखी आठ वर्षं लागली असती एवढंच. पण बोळातला तो माणूस आपल्या हातावरचा विश्वास गमावून बसला होता, आणि तो माझ्यामुळे.

सकाळी शाळेआधीच दुकान गाठलं. अप्पा कुलूप उघडत होते. त्यांनी पाणी पुढे करायच्याही आधी मी सांगून टाकलं. खंडेनवमी, फडकं, कुंकू, सगळं. "कार्डं मी काढली होती, अप्पा. मी खोटं बोलले."

अप्पा आत गेले, झाकण काढलं, ग्राफिक कार्ड उपसलं आणि वरच्या खाचेत बसवलं. ज्या खाचेत मी ते कोंबलं होतं तिथे त्याचं आवाजाच्या कार्डाशी भांडण लागत होतं, म्हणून कुठलाच ड्रायव्हर टिकत नव्हता. अप्पांनी ड्रायव्हर टाकला, बंद करून पुन्हा चालू केला. रंग राहिले. पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर 'आई' होती, हिरव्या लुगड्यातली. मला रडू आलं.

"अप्पा, रागवा तरी."

"रागवू कशाला?" ते खुर्चीत टेकले. "पहिल्याच दिवशी मी बघितलं हुतं. म्हणलं, कार्ड तर वरच्या खाचंत बसवलं हुतं मी, हे खाली कसं आलं? पर बाई म्हणल्या हात लागला न्हाई. मग म्हणलं, मीच खाली बसवलं असंल. इसरलो असंल. अन् इतकी वर्सं तिथंच चाललंय म्हणल्यावर खाचंवर संशय कसा घ्यावा?" कपाळावरून हात फिरवून ते हसले, आणि हसता हसता थांबले. "चार दिवस मी म्हातारा झालतो की ओ, बाई."

त्या दिवाळीला दुकान बंद झालं नाही. नंतरही दोन वर्षं अप्पा त्या बोळात बसत होते. मी पुस्तकाची पानं छापून घेतली, आता मुलं त्यावरूनच शिकतात. गेल्या श्रावणात अप्पा गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांची सून म्हणाली, "शेवटपर्यंत ध्यान शाबूत होतं बघा मामंजींचं." मी नुसती मान हलवली. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं त्या माणसाने माझ्या एका शब्दाखातर खोटं ठरवलं होतं. एवढा विश्वास माझ्यावर ना आधी कुणी टाकला, ना नंतर, आणि ज्या दिवशी तो टाकला गेला त्या दिवशी मी त्याच्या लायकीची नव्हते.