भाऊजी आणि डब्याएवढा कॉम्प्युटर

आमच्या भाऊजींइतका सावकाश निर्णय घेणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नाही. आणि असलाच, तर जन्म घ्यावा की नाही याचा तो अजून विचार करत असणार. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. शेलूबाजारात हायवेला लागून त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. चपला घ्यायच्या तर ते दोन आठवडी बाजार त्या नुसत्या हातात घेऊन वाकवून बघतात, आणि तिसऱ्या बाजारी चप्पलवालाच स्वतःच्या पायातली काढून दाखवतो, की बाबा, मीसुद्धा हीच घालतो. ताईला बघायलाही ते तीनदा आले होते. तिसऱ्यांदा पोह्यांची बशी रिकामी झाल्यावर आईचा धीर सुटला आणि ती आत येऊन म्हणाली, "याले पोरगी नाई, पोहेच पसंत हायेत." बाबा मात्र हसले. "राहू दे व," ते म्हणाले, "याले धरायले टाइम लागते. पन एकदा धरलं का सोडनार नाई हा."

लग्नाच्या महिनाभर आधी घेतलेला कॉम्प्युटर भाऊजींनी तसाच धरून ठेवला. मी तेव्हा आठ वर्षांची होते. आता वाशीमला शाळेत शिकवते आणि केसांत चार पांढरे आहेत. सकाळी बटण दाबून भाऊजी समोर चहाला जायचे, दोन जीपवाल्यांशी सोयाबीनच्या भावावर बोलायचे, भाजी घ्यायचे, आणि परत येईपर्यंत पडदा जेमतेम उजळलेला असायचा. त्याच्या खोक्यावर उजव्या अंगाला एक ठरावीक जागा होती. तिथे तळहातानं दोनदा थोपटलं की तो चालायचा, तिसऱ्यांदा थोपटलं तर बंद पडायचा. उन्हाळ्यात खोक्याचं एका बाजूचं झाकण काढून टेबलफॅन त्याच्यावर सोडलेला असे आणि भाऊजी शेजारी घामानं निथळत बसलेले असत. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं, आणि लागलेलं पुसायचं नाही असा नियम असल्यामुळे पुढची बाजू शेंदूर लावलेल्या देवासारखी दिसू लागली होती.

या कॉम्प्युटरवर झालेली पहिली पत्रिका भाऊजींच्या स्वतःच्याच लग्नाची, दोन्ही घरांची मिळून एकच. गिऱ्हाइकांच्या पत्रिका बिघडू नयेत म्हणून त्यांनी आधी स्वतःच्या लग्नावर हात बसवला. तेव्हापासून पत्रिका करायची त्यांची एकच रीत. आपल्या लग्नाची पत्रिका उघडायची, वरपासून एकेक नाव खोडून गिऱ्हाइकाचं घालायचं आणि वेगळ्या नावानं ठेवून द्यायची. म्हणजे पंचक्रोशीतलं प्रत्येक लग्न मुळात ताईचंच. बहुतेक नावं ते बदलायचे, पण अगदी तळाशी पोचेपर्यंत चहा यायचा. आणि तळाशी होते मी: "लग्नाला यायचं बरं का! – कु. पिंकी." अशा रीतीनं, ज्या गावांचं मी नावही ऐकलेलं नाही तिथल्या लग्नांची आमंत्रणं मी वर्षानुवर्षं देत आले. एकदा शाळेच्या कार्यक्रमात मालेगावच्या एका बाईंनी माझं घरचं नाव ऐकलं आणि डोळे बारीक केले. "आमच्या नंदेच्या पत्रिकेतली पिंकी तुमीच का? आमी समजलो नवरदेवाकडची हाये. थे समजले आमच्याकडची. लगनभर तुमाले जेवाले हुडकत होतो ना."

पण याच माणसानं एक चूक आयुष्यात कधी केली नाही. गिऱ्हाईक खुर्चीवर टेकलं की मुहूर्त राहिला बाजूला, भाऊजींचा पहिला प्रश्न असायचा, "घरातलं कोन गेलं हाये, थे आंदी सांगा." लग्नघरात हे विचारणं लोकांना अपशकुनी वाटे, कुणी चिडेही. भाऊजी ऐकायचे नाहीत. गेलेल्या माणसाच्या नावाआधी चुकून 'श्री.' पडलं तर पत्रिका हातात घेऊन घरची म्हातारी रडत बसते, असं ते म्हणायचे. ज्यांना कोणी आठवत नसे त्यांना ते आजे-पणजे आठवायला लावायचे, त्या नावांआधी 'कै.' लावायचे आणि ती नावं स्वतः तीनदा वाचायचे.

गेल्या लग्नसराईत तो कॉम्प्युटर ऐन वेळी आठवडाभर बंद पडला. जऊळक्याचं एक मोठं घर, ज्यांच्या चार लेकींच्या पत्रिका भाऊजींनी केल्या होत्या, पाचवीसाठी दुसरीकडे गेलं. आजकाल निम्मे लोक मोबाईलवरच पत्रिका बनवतात. जे येतात तेही गेले तर दुकानाला कुलूपच. ताईनं मला फोन केला. "तू तरी समजाव त्यायले. नवा घ्या म्हनून राह्यली तं म्हनते, इचार करून राह्यलो."

वाशीमच्या दुकानदाराकडे जेवणाच्या डब्याएवढा कॉम्प्युटर आला होता. भाऊजी दोनदा जाऊन टेपनं त्याची लांबी-रुंदी मोजून आले. मग शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी तसाच, त्याच मापाचा डबा बनवला आणि सवय होते का बघायला पंधरा दिवस टेबलावर ठेवला. एका म्हाताऱ्या बाबांनी दानपेटी समजून त्यावर रुपया ठेवून हात जोडले.

"लहान वस्तू हरपते, पिंकी," भाऊजी मला म्हणाले. "चष्मा हरपते, किल्ली हरपते. हा कोनी खिशात घालून नेला तं?"

"भाऊजी, खरं सांगा, काहून घेत नाई तुमी?"

ते पुठ्ठ्याच्या डब्याचे कोपरे दाबत राहिले. मग बोलले. दुकानदारानं नव्यावर त्यांची जुनी पत्रिका उघडून दाखवली होती. जुनी मराठी अक्षरं नव्याला कळत नव्हती; पडद्यावर नुसत्या रेघा, टिंबं आणि कंस उमटले. "तुह्या ताईचं नावच दिसे ना," भाऊजी म्हणाले. एवढंच त्यांचं दुखणं होतं, आणि ते सांगायला त्यांना तीन महिने लागले होते.

हे ऐकून ताईनं कपाटातून आपली छापील पत्रिका काढली, घडीवर विरलेली. "वाचून दाखव त्यायले," ती मला म्हणाली. "नव्यानं टाइप करतीन."

आठवड्यानं नवा डबा आला आणि एका रविवारी सकाळी आम्ही बसलो. मी वाचत होते, भाऊजी दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत होते. गणपती झाले, कुलदैवत झालं, ताईचं नाव आलं तेव्हा उगाचच खाकरले. मग 'आपले नम्र'खाली बाबांचं नाव आलं आणि त्यांची बोटं थांबली. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. जुन्या कॉम्प्युटरवर ते नाव पहिल्या दिवशी जसं होतं तसंच होतं. बदलायची वेळच आली नव्हती. आता ते नव्यानं लिहायचं होतं, आणि आयुष्यभर लोकांना विचारलेला प्रश्न भाऊजींना स्वतःच्या घरात विचारावा लागत होता.

"पिंकी, बाबूजीच्या नावाआंदी काय टाकू?"

ताई दारात उभी होती. मी म्हटलं, "भाऊजी, ताईच्या लग्नाच्या दिवशी तं बाबा होते ना मांडवात."

"होते," भाऊजी म्हणाले. "मले हात धरून बसवलं होतं त्यायनं." आणि या वेळी काही विचार न करता त्यांनी 'श्री.' टाइप केलं.

जुनं खोकं त्यांनी भंगारात दिलं नाही. ते टेबलावर जागच्या जागी आहे आणि नवा डबा त्याच्यावर ठेवलाय. लहान वस्तू उंचावर असली की हरपत नाही म्हणे. दसऱ्याला दोघांनाही हळदकुंकू लागलं. दिवाळीनंतर शाळेतल्या एका सहकाऱ्यानं पुतण्याची पत्रिका आणून दिली, शेलूबाजारची. मी आधी तळ बघितला. "लग्नाला यायचं बरं का! – कु. पिंकी."

मी फोन केला. "राह्यलं वाटते चुकून," भाऊजी म्हणाले. ताईनं मागून ओरडून सांगितलं, की छापायला द्यायच्या आधी त्यांनी तळाची ती ओळ तीनदा वाचली होती.

मी त्या लग्नाला गेले. नवरा-नवरी कोणी ओळखीचं नव्हतं. पंगतीत एका आजींनी विचारलं, मी कोणाकडून आले. ही पत्रिकाही मुळात ताईच्याच लग्नाची, तेव्हा मी सांगून टाकलं, बाबांकडून.