आंधळ्या गणितज्ञाची गोष्ट, शेवट बदलून

मी कॉलेजात गणित शिकवलं, असं माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमात सगळे म्हणाले. खरं म्हणजे मी गणितज्ञांची चरित्रं सांगितली. फळ्यावर समीकरण अडलं, की खडू खाली ठेवायचा आणि थेट युरोप गाठायचा. माझी मुलं परीक्षेत गटांगळ्या खायची, पण ऐन विशीत द्वंद्वयुद्धात गोळी लागून मेलेला तो फ्रेंच पोरगा त्यांना तोंडपाठ असायचा. तालमीत जाणाऱ्या एकानं तर विचारलं होतं, "सर, पिस्तूल कशाला? कुस्ती धरायची की!"

पण माझा हुकमाचा एक्का होता तो स्वित्झर्लंडचा गणितज्ञ. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. शस्त्रक्रिया झाली, दिसायला लागलं, मग जखम चिघळली आणि तोही डोळा गेला. इथं मी आवाज खाली आणायचो. मग सांगायचो, की आयुष्यातलं जवळजवळ निम्मं काम त्यानं त्यानंतर केलं, अंधारात बसून, दुसऱ्याला तोंडी सांगून. मुलं पेन खाली ठेवून ऐकायची. मीही असा भारावून जायचो, जणू ते निम्मं काम मीच केलं होतं.

गेल्या वर्षी माझ्याच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. डावा लहानपणापासून अधू, नावापुरता. डॉक्टर म्हणाले, "आजकाल हे काहीच नाही, काका." तरी माझी पाचावर धारण बसली. ती चिघळलेली जखम काही डोक्यातून जाईना. पुढची तयारी म्हणून डोळे मिटून गुणाकार करायला बसलो, तर हातचा किती धरला होता तेच विसरलो आणि झोप लागली.

"आता तो काळ राहिलाय का?" बायको म्हणाली. "आणि त्याचं एवढं खोलात जाऊन वाचायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी?"

ऑपरेशनच्या दिवशी शाहूपुरीतल्या दवाखान्यात हिरवा झगा घालून, डोळ्यांत थेंब घेऊन मी बाकावर बसलो होतो, बायको समोर उभी होती. लघवीला जातो म्हणून उठायचं आणि रिक्षा करून घर गाठायचं, असं मी ठरवलं होतं. पायानं चपलाही चाचपून ठेवल्या होत्या. शेजारी बिद्रीकडचे एक म्हातारे शेतकरी होते, त्यांच्याही अंगात तसाच झगा. ते एकदम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "पावणं, लई भ्या वाटतंय. मी जातो घरला. ऊस बघन्यापुरतं दिसतंय की मला."

"बसा हो मामा," बायको म्हणाली. "हे गोष्टी फार छान सांगतात."

"मग सांगा की," म्हणत त्यांनी माझं मनगट धरलं.

डोळ्यांची मला एकच गोष्ट येत होती. सवयीनं सुरू केली. एक डोळा गेला, दुसऱ्याचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, आणि तिथं माझी जीभ अडखळली. म्हाताऱ्यांनी माझं मनगट आणखी घट्ट धरलं.

"मग? फुडं?"

"पुढं काय? दिसायला लागलं. मग पुष्कळ वर्षं गणितं केली त्यानं."

"म्हंजे बरा झाला की!"

"व्हय," मी म्हणालो, "बरा झाला."

जन्मभर ज्या शेवटावर मी भाव खाल्ला, तो असा माझ्याच हातानं कापला. तेवढ्यात म्हाताऱ्यांना आत बोलावलं. झग्यानं तोंड पुसून ते सरळ चालत गेले. त्यानंतर मला पळणं शक्यच नव्हतं, कारण बाहेर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा पावणं कुठं गेलं असंच विचारलं असतं. चपला बाकाखाली राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सुटली. डॉक्टरांनी समोर बोटं धरली. "काका, किती?"

दोन होती. नखांसकट स्वच्छ दिसत होती. पण मी, गणिताचा प्राध्यापक, ती नखंच न्याहाळत बसलो आणि दोन म्हणायचं राहून गेलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"दोन हायत की ओ!" पलीकडच्या खाटेवरून म्हातारे ओरडले. त्यांची पट्टी माझ्या आधी सुटली होती. "मला हितनं दिसत्यात! पावणं, त्या तुमच्या मानसागतच झालं बघा आपलं!"

मी बायकोकडे पाहिलं. ती गोष्ट तिनं लग्न झाल्यापासून ऐकलेली, खऱ्या शेवटासकट. तिनं पदरानं डोळे पुसले.

"हो मामा," ती म्हणाली, "अगदी तसंच झालं."