कात्री कुणाच्या हाताला लावायची

आईने आपली कात्री स्वतःच्या हाताने माझ्या पिशवीत ठेवली. अष्टमीचा पूल ओलांडून रोह्याच्या स्टँडवर पोचेपर्यंत तीनदा पिशवी चाचपून पाहिली.

ही कात्री आईने लग्नात गडबहून आणलेली. पितळी मुठीची, उचलली की मनगट खाली जाईल इतकी जड. त्या कात्रीने कागद कापायचा नाही, ती शेजारी द्यायची नाही आणि मी तिला हात लावायचा नाही. मशीनवर मी बसायची. कापड बेतायचं ते आईनेच.

पण गेले काही महिने तिच्या अंगठ्याचा सांधा सुजत होता. दोन ब्लाउज बेतले की हात मांडीत दाबून बसायची. त्यात एका नवरीच्या शराऱ्याचं कापड आलं होतं. नवरीच्या भावाने दुबईहून आणलेलं, मोजून पुरेल एवढंच. कात्रीची धार गेली होती, आणि आईचा विश्वास फक्त पेणच्या बाजारातल्या धारवाल्या चाचांवर.

एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. ती घरात नसताना मी एकदा चिंधीवर कात्री चालवून पाहिली होती. कापड कापलंच नाही, दोन पात्यांत दुमडून बसलं. बेतणं आपल्या हातात नाही, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

पेणला चाचांनी मला ओळखलं नाही, कात्रीला ओळखलं. मालकीण कुठे आहे, विचारलं. मी अंगठ्याचं सांगितलं. त्यांनी एक तुकडा पुढे केला आणि काप म्हणाले. कापड पुन्हा दुमडलं. मी मान खाली घातली, तर ते हसायलाच लागले.

"तुजी चूक नाय. हिचा मधला स्क्रू कधीचाच ढिला झालाय. तुजी आई कापताना अंगठ्यानं पाती एकमेकांवर दाबून धरते. अर्धा स्क्रू तिचा अंगठाच हाय."

स्क्रू आवळला तर माझ्या हातात कात्री नीट चालेल, पण आईच्या दुखऱ्या अंगठ्याला ती उघडणार नाही, असं त्यांनी समजावलं. मग दगडावर पाणी शिंपडत विचारलं, "मग कुणाच्या हाताला लावू, गो?"

फोन माझ्या हातातच होता. आईला विचारलं असतं तर ती काय म्हणेल ते मला ठाऊक होतं. शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नव्हता.

"माझ्या," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की विळीला धार लावायला आलेल्या बाईंनी वळून पाहिलं.

चाचा स्क्रू आवळत, किंचित सैल करत, दर वेळी मला कापून पाहायला सांगत. पाचव्या खेपेला कापड आपोआप उघडत गेलं. मला हसू आवरेना. पुन्हा कापू का, असं मीच विचारलं आणि तुकडा संपेपर्यंत कापत राहिले.

परतीच्या एसटीत डोलवीला कंपनीची शिफ्ट सुटलेली माणसं भरली. गर्दीत पिशवी छातीशी धरून मी उभी होते. आता भीतीही वाटत होती.

घरी आईने कात्री एकदाच उघडली आणि तिला कळलं. दुसऱ्यांदा उघडताना तिला डावा हात मदतीला घ्यावा लागला. मी सगळं सांगून टाकलं, चिंधीचंसुद्धा.

"विचारायचं तरी होतंस."

"तू नाय म्हटलं असतंस."

"व्हय. नायच म्हटलं असतं."

तिने कात्री मिटली. मग उठून तिने टेबलावर कापड पसरलं. सरावाला जुनी चादर देईल असं मला वाटलं होतं. ते नवरीचं कापड होतं. तिने खडूने रेघ मारली, कात्री माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः कापड ताणून धरलं.

"मधे थांबू नको. थांबलीस की काठाला तिथं दात पडतो."

मी सुरुवात केली. पाती सरकत होती, रेघेच्या दोन्ही बाजूंनी कापड वेगळं होत होतं. घेराच्या वळणावर हात जरा मंदावला, पण थांबला नाही. आई कापड सोडवत माझ्यापुढे टेबलाभोवती उलट्या पावलांनी चालत होती. शेवटच्या टोकाला पोचून मी श्वास सोडला, तोवर तिने दुसऱ्या भागावर खडू टेकवलासुद्धा होता.