गरम पाण्यातली वीस मिनिटं

आमच्या कंपनीचे किस्से मी मुद्दाम लक्षात ठेवत नाही. तरी करोल बागच्या पीजीत जेवायला बसलं की मैत्रिणी विचारतात, "टबवाले काय म्हणतात?" आणि ताट वाळेपर्यंत माझं सांगणं चालू राहतं. त्या हसतात. मीही हसते, पण अलीकडे जरा कमीच.

आम्ही हॉट टब विकतो. पाच-सहा माणसं मावतील एवढी कुंडं, आत बसायला कट्टे, चहूबाजूंनी गरम पाण्याचे फवारे. ऑफिस गुडगावला, गोदाम मानेसरला. त्यात बसल्याने तब्येतीला काय काय फायदे होतात ते लिहिणं, हे माझं काम.

*

इंटरव्ह्यूत खन्ना सरांनी विचारलं, "कभी बैठी हो हॉट टब में?"

"नाही सर."

"बढ़िया. फिर दिल से लिखोगी."

पहिला लेख मी पीजीतल्या बादलीत पाय बुडवून लिहिला. पाणी तापवायच्या रॉडची मला भयंकर भीती वाटते. प्लग काढला तरी दोनदा बघते, मग चप्पल घालून पुन्हा एकदा बघते. एवढं होईस्तोवर पाणी कोमट झालेलं. त्यात पाय सोडून मी लिहिलं, 'दिवसभराचा ताण पाण्यात विरघळतो.' तेवढ्यात घरमालकीण आंटीने दार असं बडवलं की अर्धी बादली गादीवर. "बेटा, बिजली का मीटर भाग रहा है!"

लेख सरांना फार आवडला.

*

दुसऱ्या लेखात मी फायद्यांच्या आधी सावधगिरी लिहिली. हृदयविकार, ब्लड प्रेशर असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. फार वेळ बसू नका. उठताना सावकाश उठा. सरांनी सगळं उडवलं. "डराओ मत यार. लोग आराम खरीदने आते हैं."

महिन्याभरात एका फार्महाउसवरून फोन. तिथल्या गिऱ्हाइकाचे वडील तासभर टबात बसले, झटकन उठले आणि चक्कर येऊन काठावर आपटले. थोडक्यात वाचले. फोन मीच घेतला होता.

सर म्हणाले, "हमने लिखा तो था ना कहीं?"

"लिहिलं होतं सर. तुम्ही काढलंत."

"तो वापस डाल दो. पीछे. छोटा-सा."

*

आमच्या गोदामात एक मराठी माणूस आहे, हे मला सहा महिन्यांनी कळलं. संपतकाका, सांगलीकडचे. प्रत्येक टब गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी पाण्याने भरायचा, तापवायचा, दिवसभर चालवून गळती बघायची आणि मग चौघांनी मिळून ट्रकवर चढवायचा, हे त्यांचं काम. पाणी पुरेसं तापलं का ते कोपर बुडवून बघतात. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं बघावं तसं.

"काका, कधी आत बसलात?"

"आपलं काम पाणी बघायचं, ताई. बसायचं काम गिऱ्हाइकाचं."

तपासणी झाली की ते सगळं गरम पाणी गटारात सोडतात.

काकांच्या शर्टाखाली कमरेचा पट्टा असतो. डॉक्टरांनी सांगितलंय, शेक घ्या आणि वजन उचलू नका. शेकायला खोलीवर गीझर नाही आणि उचलायचं नाही म्हटलं तर नोकरी नाही. सुट्या भागांच्या काउंटरवर एक जागा रिकामी होणार होती. तेवढी मिळाली की झालं, असं ते दर भेटीत सांगायचे. खन्ना सरांना मात्र कमरेचं सांगू नका, म्हणायचे.

*

मग नवं ब्रोशर निघालं. सरांना खराखुरा माणूस हवा होता, मॉडेल नको. मी पटकन काकांचं नाव सुचवलं. त्या निमित्ताने त्यांना शेक तरी मिळेल, एवढंच डोक्यात होतं.

काका हाफ पँट आणि बनियन घालून आले. पट्टा सोडायला लाजत होते. शेवटी पाठ फिरवून सोडला, घडी घालून चपलेवर ठेवला आणि हळूहळू पाण्यात उतरले. फवारे सुरू झाले तशी मी दचकले. काकांनी डोळे मिटले ते उघडेचनात. फोटोवाल्याने दहादा सांगितलं, तरी नाही.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "वीस मिनिटं कंबरदुखी विसरलो बघा, ताई."

हेच वाक्य हिंदी करून मी फोटोखाली टाकलं. ओळ चौकटीत मावेना, म्हणून 'वीस मिनिटं' कापलं. उरलं ते असं: 'कमरदर्द? मैं तो भूल ही गया।'

सर म्हणाले, "ये हुई ना बात."

*

काउंटरची जागा रिकामी झाली. काकांचा अर्ज मीच लिहून दिला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून. आता कमरेचं सांगावंच लागणार होतं.

आठवड्याने अर्ज परत आला. नामंजूर. सोबत ब्रोशरचं एक पान टाचलेलं. माझ्या ओळीखाली लाल रेघ.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, ते वीस मिनिटांपुरतं बरं वाटलं होतं."

"तो लिखा क्यों नहीं?"

सोमवारी मी गोदामात गेले तेव्हा ट्रक लागलेला होता. दोन टब जायचे होते. काका पट्टा आवळत होते. टाचलेलं पान त्यांच्या खिशात चौघडी करून ठेवलेलं. मी काही बोलायच्या आतच त्यांनी ते काढलं, उलगडलं आणि अंगठ्याने नीट सपाट केलं.

"ताई, फोटो झकास आलाय. रेघ नसलेली एक कॉपी मिळंल का? घरी पाठवीन म्हणतो."