अर्धा फेरा

शिवशरण गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर शिकवत होतो. ते हातात धरून तसाच उभा राहिलो... त्याला दीड महिना झाला. मित्र गेल्याचं दुःख आहेच. पण खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त भीती वाटते.

सहा वर्षांपूर्वी इथेच आम्ही दोघे तात्पुरते डेमॉन्स्ट्रेटर होतो. त्याला वेड होतं पातळ ॲसिड नसलेल्या, संपूर्ण घन बॅटरीचं. क्षारांच्या तीन वड्या एकावर एक ठेवायच्या आणि दोन पोलादी पट्ट्यांमध्ये स्प्रिंग-नट लावून आवळायच्या. तो सांगाडा त्याने गिरणीतल्या एका फिटरकडून करवून घेतला होता. दाब कमी पडला की वड्या नीट टेकत नाहीत, करंट घसरतो. जास्त झाला की मधली वडी तडकते. एकदा आवळल्यावर महिनाभर करंट किती टिकतो, एवढंच त्याला पाहायचं होतं. "वसंता, ह्येला हात न लावणं हेच काम हाय की," म्हणायचा.

त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आई आजारी म्हणून तो अक्कलकोटला गेला आणि नोंदी माझ्यावर आल्या. दुपारी करंट मोजणाऱ्या मीटरचा काटा खाली आलेला दिसला. माझाच धक्का लागला असणार, असं वाटून मी घाबरलो. पाना घेऊन नट अर्धा फेरा आवळला. काटा वर आला, आणि तोच आकडा मी निमूटपणे वहीत लिहिला.

सोमवारी त्याने विचारलं, "काल नटाला हात लावलास काय रे?"

"छे, मी कशाला लावू?"

"बरं."

संध्याकाळी तो आमच्या विभागप्रमुख सरांकडे गेला. दाब सांभाळण्यात आपण स्वतःच चुकलो, महिन्याच्या नोंदी रद्द धरा, असं सांगून आला. सरांनी त्याला प्रयोगशाळेची किल्ली पुन्हा दिली नाही. पुढच्या आठवड्यात माझी नोकरी कायम झाली. तो शुक्रवार पेठेतल्या एका शाळेत लागला. भेटला की चहा पाजायचा, त्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. मी आपला समजत राहिलो, याला काही कळलेलं नाही.

परवा त्याच्या बायकोने, वहिनींनी, घरी जपून ठेवलेला तो सांगाडा माझ्या हातात दिला, वड्या अजून आतच. नटावर आणि खालच्या पट्टीवर बारीक लाल रेघा दिसल्या, म्हणून विचारलं.

"दाराचा रंग उरलेला की, त्योच पहिल्यांदा आवळलं तवा काडीनं लावलाय. रेघेला रेघ जुळली म्हंजे कुणी हलवलं न्हाय, म्हणायचे."

रेघा जुळत नव्हत्या. बरोबर अर्धा फेरा चुकल्या होत्या. सहा वर्षं त्याने त्या तशाच ठेवल्या...

सांगाडा घेऊन उठून आलो. तो आता माझ्या टेबलावर आहे. पाना लावायला हात धजत नाही. हे ज्या पेपरच्या पुरवणीत छापून येणार आहे, ती वहिनी दर रविवारी वाचतात, हे मला ठाऊक आहे.

वहिनी, नट मी फिरवला होता.